उन्हाळी झड

यंदाचा उन्हाळा पावसातच गेला. एखादी सर येऊन गेली असं नाही, दिवसचे दिवस रिपरिप. सकाळी उठावं तर खिडकीच्या गजांना थेंब लटकलेले. मी गेली काही वर्षं रोज एक हायकू, म्हणजे तीन ओळींची जपानी वळणाची छोटी कविता, लिहायचा प्रयत्न करते, आणि या उन्हाळ्याने मला जितकं अडवलं तितकं कुठल्याच ऋतूने अडवलं नव्हतं. त्याबद्दल थोडं सविस्तर लिहायचं आहे.

पहिल्या आठवड्यात मी लिहिलेल्या हायकूंमध्ये पाऊस होता, खिडकी होती, ओलं मन होतं. एकदा सगळी पानं सलग वाचली आणि लक्षात आलं की यातली एकही ओळ या उन्हाळ्याची नाही. कुठल्याही वर्षाच्या कुठल्याही पावसाला ती चिकटवता आली असती. आता माझं ठाम मत झालंय की पावसाळी उन्हाळ्यावरच्या हायकूत पाऊस असून भागत नाही, त्यात उन्हाळाही दिसला पाहिजे. दोन्ही एकाच वेळी, एकमेकांना खेटून.

हायकूत ऋतू दाखवणारा एक शब्द असतो. जपानीत त्याला किगो म्हणतात, आणि असे शब्द ऋतुवार लावलेले जाडजूड कोश तिथे आहेत. नुसता ‘पाऊस’ म्हणून तिथे भागत नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीचा, चांद्र पंचांगातल्या पाचव्या महिन्यातला लांबलेला पाऊस म्हणजे सामिदारे. उन्हाळ्यात दुपार कलताना अचानक कोसळून जाणारा तो युदाची. हिवाळ्याच्या तोंडावर भुरभुरून जाणारा शिगुरे. एक शब्द उच्चारला की महिना, प्रकाश, हवेतला गारवा सगळं आपोआप येतं. पाच-सात-पाच अशा सतरा मात्रांच्या कवितेला हे परवडतं ते त्यामुळेच.

मराठी याबाबतीत गरीब नाही. वळीव, झड, भुरभुर, संततधार, श्रावणसर. ‘वळीव’ या तीन अक्षरांत तापलेली दुपार आहे, गडगडाट आहे, मातीचा वास आहे आणि तासाभरात पुन्हा पडलेलं ऊनही आहे. म्हणून मी आधी वळीवच लिहीत होते. पण तो खोटा पडत होता. वळीव येतो, दणका देतो, जातो. हा पाऊस जातच नव्हता. याची चाल झडीची होती, आणि झड म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे श्रावण उभा राहतो. म्हणजे शब्द होते, पण त्यातला एकही या पावसाच्या मापाचा नव्हता.

ऋतूच बिघडलेत तर ऋतुशब्द कशाला हवेत, असं बरेच जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. जपानी कोशांमध्ये बिघडलेल्या ऋतूंचेही शब्द आहेत. पावसाळा आला पण पाऊसच नाही, तर त्याला कारात्सुयू, म्हणजे कोरडा पावसाळा. संपला म्हणेपर्यंत पुन्हा परतला, तर मोदोरीझुयू. म्हणजे पंचांग चुकलं तेव्हा त्या लोकांनी शब्द टाकून दिले नाहीत, चुकीलाच नाव दिलं. आपणही तेच करायला हवं.

एका दुपारी लाइट गेली. पंखा हळूहळू थांबला आणि कितीतरी दिवसांनी मला त्याची पाती स्थिर दिसली. कडेला धुळीची जाड काळी रेघ. एरवी अशा दिवसांत पंखा थांबला की जीव घाबरा होतो. त्या दिवशी काहीच झालं नाही. बाहेर पाऊस पडत होता, अंगावर काटा होता. मी लिहिलं:

थंड दुपार
थांबलेल्या पंख्याच्या
पात्यांवर धूळ

बरं वाटलं, पण रात्री वाचलं तर हा हिवाळा झाला होता. ‘पावसाची सर’ करून पाहिलं, तर जुलै झाला. दोन दिवस पहिल्या ओळीशी झगडले आणि मग जे दोन शब्द एकत्र नांदत नाहीत तेच शेजारी ठेवले:

उन्हाळी झड
थांबलेल्या पंख्याच्या
पात्यांवर धूळ

पाच-सात-पाचच्या हिशेबात शेवटी एक अक्षर जास्त आहे. राहू दे. मराठी अक्षर आणि जपानी मात्रा यांचं माप तसंही एक नाही, आणि ‘पात्यांना धूळ’ केलं असतं तर मोजणी बसली असती पण बोलणं बिघडलं असतं.

एका शब्दावर दोन दिवस घालवणं काहींना अति वाटेल. जपानी हायकूकार बाशो 1689 साली उत्तर जपानच्या प्रवासात मोगामी नदीकाठी थांबला होता. तिथल्या बैठकीत त्याने सामिदारेचं पाणी गोळा करून वाहणाऱ्या नदीवर ओळी रचल्या. त्यात शब्द होता ‘शीतल’. यजमानाच्या घरी बसून म्हणायला तो शोभणाराच होता. पुढे पुराने फुगलेल्या त्याच नदीतून तो नावेने गेला, आणि नंतर ‘शीतल’ काढून तिथे ‘वेगवान’ घातला. एवढाच बदल, पण काठावर बसलेला माणूस त्या कवितेतून उठला आणि पाण्यात आला. मला या उन्हाळ्यात ही गोष्ट रोज आठवली, कारण माझे पहिले सगळे हायकू काठावरचे होते.

आणखी एक गोष्ट मनात टोचत राहिली. असा उन्हाळा सगळ्यांना गारवा देत नाही. 1993 मध्ये जपानमधला उन्हाळा असाच थंड आणि पावसाळी गेला. पावसाळा संपला हे तिथल्या हवामान खात्याला कित्येक भागांपुरतं ठरवताच आलं नाही, भातपीक बुडालं आणि तांदूळ परदेशातून आणावा लागला. हातातोंडाशी आलेलं पीक भिजताना मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, म्हणून त्यावर मी लिहिलं नाही. जपानी कवी मासाओका शिकी यांनी चित्रकलेतून हायकूत आणलेला आग्रह मला पटतो: समोर जे आहे त्याचं रेखाटन करा. न पाहिलेल्या दुःखावर तीन ओळी करणं मला जमणार नाही. पण ज्यांनी पाहिलंय त्यांनी लिहावं, अगदी मनापासून सांगते. ते हायकू माझ्या पंख्यापेक्षा कितीतरी मोलाचे असतील.

‘चिंब’, ‘आठवणी’, ‘मन’ हे तीन शब्द मी या उन्हाळ्यापुरते वहीतून हद्दपार केले. क्रियापदंही शक्य तिथे गाळली. ‘पडत आहे’, ‘होत होता’ यात अर्धी ओळ जाते आणि दिसत काहीच नाही.

मग परवा आणखी एक झाला. उन्हाळा म्हणून मी पाखरांसाठी गच्चीवर मातीची पसरट वाटी ठेवते. रोज सकाळी भरायची, संध्याकाळपर्यंत तळ दिसतो. परवा तांब्या घेऊन वर गेले आणि तशीच उभी राहिले.

पाखरांचं पाणी
आज भरलं नाही
वाटी काठोकाठ

यात उन्हाळा हा शब्द नाही, पाऊसही नाही. ‘उन्हाळी झड’पेक्षा हा बरा वाटतो का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तांब्यातलं पाणी मी कुंडीत ओतलं. कुंडीही भरलेलीच होती.