‘फुकट’ योजनांनी गरीब आळशी झाला, या संदेशाला उत्तर

गेल्या वर्षभरात एक मजकूर माझ्याकडे निदान दहा वेळा आला असेल. कधी सोसायटीच्या गटावरून, कधी नात्यातल्या गटावरून, आणि एकदा एका निवृत्त मुख्याध्यापकांकडून, हात जोडल्याच्या चिन्हासह. त्याचा गोषवारा असा: गरीब माणूस शिकला असता तर गरीब राहिला नसता, महिन्याला पाचशे रुपये बाजूला टाकले असते तर वीस वर्षांत पाच लाखांचा धनी झाला असता, पण रेशनवर फुकट धान्य आणि घरातल्या बाईच्या खात्यात दीड हजार रुपये येऊ लागल्यापासून त्याची कामाची इच्छाच मेली, शेतात मजूर मिळेनासा झाला, आणि हा सगळा भार आम्ही करदाते वाहतो आहोत. लिहिणाऱ्याने शिक्षण आणि बचत एका पारड्यात घातली आहे आणि सरकारी मदत दुसऱ्या. माझा आक्षेप आधी या मांडणीलाच आहे, कारण हातावर पोट असलेल्या घरात या तिन्ही गोष्टी एकमेकींच्या आधाराने उभ्या असतात.

बचतीपासून सुरुवात करतो, कारण तो हिशेब मी रोज पाहतो. संदेशातले गणित चुकलेले नाही. दरमहा ५०० रुपये, वर्षाला १२ टक्के परतावा आणि २० वर्षे धरली तर पाच लाखांच्या आसपासच रक्कम होते. (महागाई सहा टक्के धरल्यास त्या पाच लाखांची आजची किंमत दीड लाखाच्या थोडी वर भरते, पण ते सोडून देऊ.) चूक आहे ती २४० हप्ते एकही न चुकता भरले जातील या गृहीतकात. आमच्या भागातल्या एका महिला बचत गटाची वही मी सात वर्षे लिहितो आहे. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एका सभासद बाईंच्या पानावर मे महिन्याचा रकाना दर वर्षी रिकामा असायचा, कारण त्या महिन्यात दोन घरची माणसे सुट्टीला गावी जात आणि तेवढा पगार कापत. जूनमध्ये त्याच पानावर वह्या आणि गणवेशासाठी उचललेले कर्ज दिसे, आणि ते फिटता फिटता दिवाळी येई. एका पावसाळ्यात त्यांच्या यजमानांना डेंग्यू झाला. रुग्णालयात दाखल झाल्यानंतरच्या उपचारांना सरकारी आरोग्य योजनेचा आधार मिळू शकतो. पण दाखल होण्याआधीच्या तपासण्या, औषधे आणि बुडालेली तीन आठवड्यांची मजुरी यांसाठी त्यांनी वस्तीतल्या सावकाराकडून शेकडा पाचने पैसे घेतले. शेकडा पाच म्हणजे महिन्याला पाच टक्के, वर्षाला साठ. साठ टक्क्यांचे कर्ज डोक्यावर असताना पाचशे रुपये बारा टक्क्यांवर गुंतवणारी बाई शहाणी म्हणावी की वेडी, हे संदेश लिहिणाऱ्याने सांगावे.

त्यांच्या खात्यात २०२४ च्या ऑगस्टमध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले पैसे आले. पुढच्या वर्षी मे महिन्याच्या बैठकीत त्यांनी दोनशेची नोट पुढे केली आणि म्हणाल्या, “दादा, या वर्षी मे लिहून घ्या.” एका वहीवरून सिद्धान्त मांडू नये हे मला कळते. तरीही मदत आली की बचत सुटते असे म्हणणाऱ्यांनी हे पान एकदा पाहावे, कारण ठरलेल्या तारखेला येणारी थोडी रक्कम ही बेभरवशाच्या कमाईतल्या खळग्यांवर टाकलेल्या फळीसारखी असते.

आता आळसाच्या मुद्द्याकडे वळू. दीड हजार रुपये म्हणजे दिवसाला पन्नास. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे ही रक्कम साधारण पाच दिवसांच्या मजुरीइतकी झाली. महिन्याचे उरलेले पंचवीस दिवस कोणते घर घरी बसून काढते? धान्याचा हिशेब तर याहून मौजेचा आहे. अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य गटातल्या माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते, म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम. जानेवारी २०२३ पूर्वी हेच धान्य गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलो या दराने मिळत असे. तेव्हा ‘फुकट’ झाल्यामुळे माणशी महिन्याला वाचले ते दहा ते पंधरा रुपये. पंधरा रुपयांत एका कष्टकऱ्याची कामाची इच्छा विकत घेता येते, असे मानणाऱ्याने आयुष्यात कधी मजूर लावलेला नसावा. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा देशांतील सात रोख मदत योजना तपासल्या होत्या. त्यांत लोकांनी काम कमी केल्याचा पद्धतशीर पुरावा त्यांना आढळला नाही.

“पैसे नको, काम द्या” असेही त्या मजकुरात ठळक अक्षरांत आहे. महाराष्ट्राने काम देऊन पाहिलेले आहे. १९७२ च्या दुष्काळात रस्त्यांची, नाल्यांची आणि पाझर तलावांची कामे निघाली तेव्हा अंगाची लाही करणाऱ्या उन्हात खडी फोडायला लाखो माणसे आली, त्यांत बायकांची संख्या मोठी होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ज्या माणसांना काम नको असते, ती तुटपुंज्या मजुरीवर खडी फोडायला रांग लावत नाहीत.

मग शेतात मजूर का मिळत नाही? ही तक्रार खोटी नाही. माझ्या मामांच्या शेतात कांदा काढणी दोनदा लांबली आहे. पण “मजूर मिळत नाही” या वाक्यात बहुतेक वेळा “मागच्या वर्षीच्या रोजाने” हे शब्द गिळलेले असतात. माणसे बांधकामावर जातात, औद्योगिक वसाहतीत कंत्राटी पाळीवर जातात, आणि बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून (मजुरांची टोळी नेणाऱ्या कंत्राटदाराकडून) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन नवरा-बायकोचा एक ‘कोयता’ दिवाळीच्या सुमारास कारखान्याच्या दिशेने निघतो आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततो. पहाटे मोळ्या बांधणाऱ्या त्या बाईला आळशी म्हणण्याची हिंमत मला तरी होणार नाही. तोडणीच्या दरात जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ झाली, तीही मजुरांनी आणि त्यांच्या संघटनांनी ताणून धरल्यावर.

याच कोयत्याबरोबर शिक्षणाचा मुद्दाही उसाच्या फडात जातो. आई-बाप सहा महिने फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहणार असतील तर मुलाचे शाळेचे अर्धे वर्ष बुडते. ते मूल गावात आजीजवळ राहून शिकावे म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय केली जाते, आणि तीही ‘फुकट’च असते. शाळेत शिजवलेले जेवण मिळावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला. खेड्यातल्या मुली बारावीपर्यंत एस.टी.च्या मोफत पासावर तालुक्याला जातात. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, आणि त्याआधीच निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली होती. “शिकला असता तर” असे म्हणणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या घरात शिकलेली पहिली पिढी अशाच एखाद्या वसतिगृहात जेवलेली असेल. माझ्या घरात तरी ती जेवली.

शिकून गरिबी जाते हे विधान खोटे नाही, अपुरे आहे. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या अहवालात पंचविशीच्या आतील पदवीधरांमधली बेरोजगारी ४२ टक्क्यांहून अधिक दिसते, आणि पस्तिशीनंतर ती पाच टक्क्यांच्या खाली येते. म्हणजे पदवीचे मोल बहुतेकांना कधी ना कधी मिळते. पण मधली काही वर्षे कोणीतरी जेवण, खोलीभाडे आणि परीक्षांचे शुल्क सोसावे लागते. ज्याच्या घरी ते सोसणारे कोणी आहे तो थांबतो, आणि ज्याच्या घरी नाही तो बी.ए.चे प्रमाणपत्र पेटीत ठेवून डिलिव्हरीची पिशवी पाठीवर घेतो.

करदात्याच्या तक्रारीला थोडक्यात उत्तर देता येते. मोबाइलच्या रिचार्जवर १८ टक्के वस्तू व सेवा कर धुणीभांडी करणारी बाई आणि तिच्या मालकीणबाई सारखाच भरतात. पगारातून दरमहा कापला जाणारा २०० रुपयांचा व्यवसाय कर महाराष्ट्राने मुळात रोजगार हमीच्या खर्चासाठीच लावला होता, आणि नोकरदारांनी तो पन्नास वर्षे भरला. आणि २०१९ च्या सप्टेंबरमध्ये कंपन्यांचा कर ३० टक्क्यांवरून २२ वर आणला गेला, तेव्हा केंद्र सरकारनेच वर्षाला १.४५ लाख कोटींचा महसूल सोडल्याचे सांगितले. त्या वेळी कंपन्या ऐतखाऊ होतील अशी काळजी करणारा संदेश मला कोणी पाठवला नाही.

संदेशातली एक गोष्ट मात्र मला मान्य आहे: निवडणुकीच्या तोंडावर घाईने काढलेल्या योजनेत पात्रता आधी तपासली जात नाही. लाडकी बहीण योजनेच्या लाभार्थ्यांत पुरुषही निघाले, ही थट्टेवारी नेण्यासारखी गोष्ट नाही. पण पुढे छाननी सुरू झाली तेव्हा तिचा त्रास त्या पुरुषांपेक्षा बोटांचे ठसे झिजलेल्या बायकांना अधिक झाल्याचे मी आमच्या गटात पाहिले. वहीतल्या त्याच बाई ओळख पडताळणीसाठी सेवा केंद्रात तीनदा गेल्या, आणि तिन्ही दिवशी त्यांचा चार घरचा खाडा झाला.