'जागा मनात निर्माण करा' म्हणणाऱ्यांना

आज सकाळी आमच्या सोसायटीने झूमवर एक कार्यक्रम ठेवला होता. विषय होता लॉकडाऊनमध्ये सकारात्मक कसं राहायचं आणि स्वतःची काळजी कशी घ्यायची. १४ एप्रिल २०२१ च्या रात्री आठपासून राज्यात पुन्हा सगळं बंद झालं, घराघरांतली माणसं कावलेली आहेत, तेव्हा कमिटीने हे चांगल्याच हेतूने ठरवलं असणार. बोलायला आलेल्या बाईही गोड बोलत होत्या. पहाटे पाचला उठा. कृतज्ञतेची वही ठेवा आणि रोज त्यात तीन चांगल्या गोष्टी लिहा. दिवसातला एक तास फक्त स्वतःचा, दार लावून घ्या, मेणबत्ती लावा, शांत बसा. बातम्या बघू नका. नकारात्मक माणसांपासून लांब राहा. हा काळ म्हणजे स्वतःला भेटायची संधी आहे.

शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं. एका बाईंनी विचारलं, "मॅडम, घरात एकटं बसायला जागाच नसेल तर काय करायचं?" त्यांचा कॅमेरा बंद होता. मागे कुकरची शिट्टी झाली आणि कोणीतरी "आई" म्हणून हाक मारली.

उत्तर आलं, "जागा मनात निर्माण करा."

चॅटमध्ये धडाधड हात जोडलेले दिसले. वा मॅडम. किती सुंदर सांगितलंत. प्रश्न विचारणाऱ्या बाईही "थँक्यू मॅडम" म्हणून निघून गेल्या. मी तेव्हापासून धुमसते आहे. स्वयंपाक झाला, जेवणं झाली, ओटा आवरून झाला, तरी डोक्यातून ते वाक्य जात नाही. म्हणून इथे लिहिते. लांबेल, पण वाचा.

माझी ताई डोंबिवलीला राहते. वन बीएचके. घरात माणसं सहा: ती, भावोजी, सासू-सासरे, भाचा आणि भाची. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, दूरदर्शनवर रामायण पुन्हा लागलं होतं त्या दिवसांत, मी तिला दुपारी व्हिडिओ कॉल करायचे. ती कायम अंधुक उजेडात दिसायची आणि हळू आवाजात बोलायची. मला वाटायचं, सासूबाई झोपल्या असतील म्हणून. एके दिवशी बोलता बोलता तिचा फोन हलला आणि तिच्या डोक्यामागे विजेचे मीटर दिसले. एकाखाली एक, लाल दिवे लुकलुकणारे. मी विचारलं, "ताई, बसलीयेस कुठे तू?"

"जिन्यात," ती म्हणाली. "तळमजल्याला. या वेळेला इथे कोणी फिरकत नाही गं."

कचऱ्याची पिशवी घेऊन खाली उतरायचं आणि मग तिथेच पायरीवर बसायचं. चहाचा कप नाही, पुस्तक नाही. नुसतं बसायचं. बेडरूममध्ये भावोजींचं ऑफिस चालू, हॉलमध्ये टीव्ही, त्याच हॉलच्या कोपऱ्यात मुलांचे ऑनलाइन तास, आणि स्वयंपाकघरात तर ती सकाळी सहापासून उभी. त्या घरातली तिची जागा म्हणजे मीटरच्या पेट्यांखालची पायरी.

सांगा आता तिला, पहाटे पाचला उठून मेणबत्ती लाव.

तुम्ही म्हणाल, पूर्वी तरी तिला कुठे एकांत मिळत होता? मिळत होता! सकाळच्या लोकलमध्ये. मुंबईबाहेरच्यांना वाटतं लोकल म्हणजे नुसते हाल. हाल असतातच, पण डोंबिवली ते दादर लेडीज डब्यात ती कोणाची सून नसायची आणि कोणाची आई नसायची. कधी भजनाच्या ग्रुपला टाळ्या द्यायची, कधी मैत्रिणीबरोबर मटार सोलायची, बहुतेक वेळा खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून घ्यायची. २२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून लोकल थांबल्या आणि ताईचा तो वेळ गेला. २१ ऑक्टोबरला बायकांना परवानगी मिळाली, सकाळी अकरा ते दुपारी तीन आणि संध्याकाळी सातनंतर. तिने साहेबांना विनवण्या करून उशिराची वेळ मागून घेतली. आठवड्यातून थोडेच दिवस जायची, पण फोनवर तिचा आवाज बदललेला मला कळायचा. यंदा एप्रिलमध्ये लोकल पुन्हा फक्त अत्यावश्यक सेवेसाठी. ताई पुन्हा जिन्यात.

हे कोणाच्या व्याख्यानात का येत नाही? घरात बंद झालो तेव्हा सगळेच बंद झालो, पण सगळ्यांचं सारखंच बंद झालं नाही. पुरुषाचं ऑफिस घरी आलं तर त्याला टेबल मिळालं, दार मिळालं, "बाबांचा कॉल चालू आहे, आवाज करू नका" मिळालं. बाईचं ऑफिस घरी आलं तर ते ओट्यावर आलं, कणकेच्या परातीशेजारी. पुरुषांनाही ताण होता हे मला मान्य आहे. नोकऱ्या गेल्या, पगार कापले गेले, भावोजींचाही कापला गेला. ठीक. पण मग दुपारची भांडी घासायला पगार लागत नाही.

केंद्र सरकारनेच २०१९ मध्ये कोणाचा वेळ कशात जातो याची देशभर पाहणी केली होती. घरकाम करणाऱ्या बायकांची रोज सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. त्यातही दिवसभरात घरच्या कामाला हात लावणारे पुरुष साधारण चारात एक. आणि ही पाहणी महामारीच्या आधीची! तेव्हा बायकांच्या हाताखाली कामाला मावशी होत्या, मुलं शाळेत होती, डबे पोचले की दुपार मोकळी होती.

मावशींचं आलंच आहे तर सांगते. गेल्या वर्षी अनेक सोसायट्यांनी त्यांना गेटवरच अडवलं. आमच्याकडे येणाऱ्या मावशी पर्वतीच्या पायथ्याशी, जनता वसाहतीत राहतात. दहा बाय दहाची खोली आणि सार्वजनिक संडास. त्या रांगेत अंतर कसं ठेवायचं ते त्यांनी मला फोनवर विचारलं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच आठवड्यात ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरत होता की या सुट्टीत नवं काही शिकला नाहीत तर कमतरता वेळेची नव्हती, शिस्तीची होती. सुट्टी! ८ मे २०२० ला करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले, त्यांच्या भाकरी रुळांवर पसरलेल्या सगळ्यांनी पाहिल्या, आणि लोक एकमेकांना फेसाळ कॉफीचे फोटो पाठवत होते. कॉफी करा हो, माझी ना नाही. करणाऱ्याला त्यातून चार क्षण बरं वाटलं असेल तर आनंदच आहे. पण शिस्तीचे धडे कोणाला देताय ते तरी बघा.

आणि सकारात्मकतेच्या नावाखाली लोकांची तोंडं बंद करणं चालू आहे, त्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. गेल्या महिन्यात आमच्या ओळखीतल्या एका काकूंचा भाऊ गेला. ऑक्सिजन बेडसाठी त्यांनी रात्रभर फोन केले होते. २१ एप्रिलला नाशिकची ऑक्सिजन गळती झाली, २३ ला विरारच्या रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली, त्याच आठवड्यातली गोष्ट. काकूंनी त्यांच्या ग्रुपवर चार ओळी लिहिल्या. खालीच कोणीतरी सूचना टाकली, "कृपया ग्रुपवर फक्त सकारात्मक मेसेज पाठवावेत." वर सूर्योदयाचा फोटो.

काकूंनी ते चार ओळींचं लिहिणं पुसून टाकलं.

जिचा भाऊ गेलाय तिने रडू नये, कारण तुमची सकाळ खराब होते? आपल्याकडे सुतकात माणसं भेटायला येतात, मुकाट बसतात, जेवण आणून देतात. या साथीने ते सगळं काढून घेतलं. दहावं, तेरावं चार माणसांत उरकावं लागलं. निदान त्या ग्रुपवर तरी तिला रडू द्यायचं होतं. तिच्या घरी डबा नेऊन ठेवणारं कोणी तरी निघायला हवं होतं.

एक गोष्ट कबूल करते. बातम्या कमी बघा, हे बाईंचं म्हणणं बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० मध्येच सांगितलं होतं की दिवसातून एकदा-दोनदा ठरावीक वेळी बातम्या घ्या, सारख्या बघत बसू नका. सकाळचा प्राणायाम मीही करते, बरं वाटतं. कृतज्ञतेच्या वहीलाही माझा विरोध नाही, ज्याला लिहावंसं वाटेल त्याने लिहावं. पण माझ्याकडे प्राणायामाला बाल्कनी आहे. ताईकडे नाही.

ताईचं पुढे काय झालं ते सांगते.

जिना कळल्यावर मी भावोजींना फोन केला. मेहुणीने असं बोलावं का, वगैरे विचार करत बसले नाही. सरळ विचारलं, "भावोजी, ताई दुपारी कुठे असते माहीत आहे का तुम्हाला?" ते म्हणाले, "कचरा टाकायला जाते." मी म्हटलं, "कचरा टाकायला कितीसा वेळ लागतो?" बराच वेळ ते काही बोललेच नाहीत. माणूस वाईट नाही हो. त्यांनी कधी विचारच केला नव्हता. ती दिसत नाही म्हणजे कामात असेल, असं घरातल्या प्रत्येकानेच धरलेलं.

त्यानंतर तिथे एक ठरलं. दुपारी तीन ते चार बेडरूम ताईची. भावोजी लॅपटॉप उचलून हॉलमध्ये येणार, त्यांचे कॉल असले तरी. सासूबाईंना रुचलं नाही. "भरल्या घरात दुपारचं दार लावून काय बसायचं?" म्हणाल्या. त्यांच्या जागी त्याही बरोबर असतील, त्यांना आयुष्यात कोणी दार लावू दिलं नव्हतं. पण सासरे उठले, म्हणाले, "चारचा चहा मी करतो." ऐंशीला टेकलेला माणूस, आयुष्यात गॅस पेटवला नव्हता. पहिले काही दिवस चहा उतू जायचा. मग जमला. भाचीने दुपारची भांडी घेतली आणि भाच्याला हाताला धरून शेजारी उभं केलं.

आणि ताई त्या तासात काय करते म्हणाल तर काही नाही. पंख्याखाली फरशीवर आडवी होते. मला फोनही करत नाही त्या वेळात, आणि मला त्याचा किती आनंद आहे ते तुम्हाला सांगता येणार नाही. मध्यंतरी लोकल सुरू झाल्या तेव्हा तो तास मोडला होता. यंदा लोकल बंद झाल्यावर ताई पुन्हा जिन्यात गेली तेव्हा कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. भाचीच्या लक्षात आलं. तिची दहावीची परीक्षा रद्द झाली, पोरगी स्वतःच हिरमुसलेली होती, पण आई कुठे जाते ते तिने पाहिलं आणि रात्री जेवताना सगळ्यांसमोर बोलली. दुसऱ्या दिवसापासून तीन ते चार पुन्हा चालू.

म्हणून मला त्या सकाळच्या उत्तराची चीड येते. ताईने जागा मनात निर्माण केली असती तर ती अजून पायरीवरच असती. तिला दार मिळालं ते एकाने लॅपटॉप उचलला म्हणून, दुसऱ्याने चहा केला म्हणून, तिसरीने भांडी घेतली म्हणून. ती स्वतःची काळजी घेऊ शकली कारण बाकीच्यांनी तिचं काम उचललं. प्रश्न विचारणाऱ्या बाईंना हे सांगायला हवं होतं. किंवा बाईंना सोडाच, त्यांच्या घरच्या पुरुषांना त्या झूमवर बसवून सांगायला हवं होतं. आज लिंक सगळ्यांना गेली होती, आणि समोर मात्र बायकाच होत्या.

आता कामाचं. आमच्या सोसायटीची गच्ची गेल्या वर्षापासून कुलूपबंद आहे. पहिल्या लॉकडाऊनमध्ये वर गर्दी झाली, क्रिकेट खेळलं गेलं, म्हणून कुलूप लागलं, आणि तेव्हा ते योग्यही होतं. पण एवढी मोठी मोकळी, वाऱ्याची जागा डोक्यावर रिकामी ठेवून आम्ही खाली माणसांना मनात जागा शोधायला सांगतोय. मी आत्ता कमिटीला पत्र लिहिलं आहे. दुपारी तीन ते संध्याकाळी सात गच्ची उघडावी. एका वेळी एकच माणूस, अर्धा तास, मास्क लावून. वॉचमनकडे वही ठेवावी, नाव लिहून किल्ली न्यावी. पहिला आठवडा ज्यांच्या घरात पाचपेक्षा जास्त माणसं आहेत त्यांच्यासाठी राखून ठेवावा.

सेक्रेटरींचं पहिलं उत्तर आलंय, "जबाबदारी कोण घेणार?" मी घेते. वहीचं काम मी बघते, किल्लीही माझ्याकडे ठेवा. आपल्या सोसायटीतले जे वाचत असतील त्यांनी खाली फक्त विंग आणि फ्लॅट नंबर लिहा, मी उद्या सकाळी यादी जोडून पत्र पुन्हा पाठवते. आणि सकाळी प्रश्न विचारणाऱ्या ताई, तुम्ही हे वाचत असाल तर मला मेसेज करा. पहिला अर्धा तास तुमचा.