चिंता वाटली म्हणून विश्वास खोटा ठरत नाही

नागपुरातल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज सारखा पुढे ढकलला जातो. त्याचं म्हणणं असं : खरा विश्वासणारा चिंता करत नाही, चिंता म्हणजे पाप. दुखणं हटत नसेल तर विश्वास कमी पडतोय. मन खचलं तर डॉक्टर कशाला, प्रार्थना पुरे. मेडिकल हॉस्पिटलमध्ये वॉर्डाबाहेर सतरंजी टाकून रात्र काढणाऱ्या बाईच्या फोनवरही हा मेसेज येतो, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

चिंता म्हणजे पाप, याला आधार दिला जातो तो बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातल्या ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ या वचनाचा. ते प्रेषित पौलाने कैदेत असताना लिहिलं. त्याच पत्रात सोबती एपफ्रदीत मरणाच्या दारी गेला होता हे सांगून तो लिहितो की, देवाने दया केली नसती तर मला दुःखावर दुःख झालं असतं. करिंथकरांना तर तो सांगतो की सगळ्या मंडळ्यांची चिंता रोज माझ्यावर असते. शिवाय वचन अर्धंच तोडून पाठवलं जातं. पुढे आहे : आपली मागणी देवाला कळवा. ज्याला काळजीच नाही तो मागेल काय? मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत खुद्द प्रभू येशू म्हणाला, ‘माझा जीव मरणप्राय अति खिन्न झाला आहे’, आणि शिष्यांना जवळ जागं राहायला सांगितलं. त्याला कुणी अविश्वासी म्हणेल का?

दुखणं हटत नाही म्हणजे विश्वास कमी, हे तर बायबलमधल्या, निर्दोष असून दुखण्याने पिडलेल्या ईयोबाच्या मित्रांचंच बोलणं. तुझंच काहीतरी चुकलं, असं ते त्याला सुनावत राहिले आणि शेवटी देव त्यांच्यावरच कोपला. पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला सलणारा त्रास, काढ म्हणून देवाला तीनदा विनवलं. काटा राहिला. उत्तर मिळालं, ‘माझी कृपा तुला पुरे आहे.’

डॉक्टर नको, या मुद्द्यावर फार बोलायला नको. पौलाचा लाडका सोबती लूक वैद्य होता. आपल्या सीताबर्डीवर मुरे मेमोरियल दवाखाना मिशनच्या लोकांनी विश्वासापोटीच उभारला. मरण मागत झुडपाखाली पडलेल्या एलीया संदेष्ट्याला देवाने आधी झोपू दिलं, भाकर दिली, मग पुढची वाट सांगितली. झोप उडाली असेल, जीव नकोसा झाला असेल, तर मनाच्या दुखण्यासाठी असलेल्या टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फिरवण्यात विश्वासाला कुठेच बाध नाही.

मेसेजमध्ये एक गोष्ट मात्र खरी आहे : काळजीत माणूस बुडू शकतो. त्यावर येशूने दिलेला उपाय फार जवळचा वाटतो. उद्याची चिंता उद्याला. केमोच्या पुढच्या सगळ्या फेऱ्या आज रात्री मनात उरकायच्या नाहीत. आजची सुई, आजचा रिपोर्ट, आजचे पैसे, एवढंच घेऊन देवापुढे बसायचं, आणि रडू आलं तर रडायचं. बायबलमधला स्तोत्रकर्ता ‘कोठवर?’ असं देवालाच विचारतो, आणि आपण ते मंडळीत मोठ्याने वाचतो.

म्हणून हा मेसेज पुढे पाठवू नका. ज्याच्या घरी दुखणं आहे त्याच्याकडे डबा घेऊन जा, वॉर्डात एक रात्र त्याच्या बदल्यात बसा. प्रार्थनाही करा. फक्त ‘अजून विश्वास ठेवा’ असं त्याला म्हणू नका.