शांबोरचे जिने आणि काका

शांबोरला मला झालेला उशीर माझा नव्हता, काकांचा होता. हे बसमध्ये ओरडून सांगितलं, पण कोण ऐकतंय!

फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातला हा महाल. राजा पहिला फ्रान्स्वा याने १५१९ मध्ये बांधायला घेतला. चारशेच्या वर खोल्या ऐकून आमच्या ग्रुपमधले काका, पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेले, जरा थबकले. २८२ फायरप्लेस म्हटल्यावर त्यांनी खिशातून पेनच काढलं.

"राजा राहिला किती?"

"सगळे मिळून बहात्तर दिवस म्हणतात. शिकारीला यायचा."

"म्हणजे दिवसाला चार फायरप्लेस! हे ऑडिटला पास कसं झालं?"

"ऑडिट कुठलं काका, राजा होता."

"आमच्याकडे साहेबांच्या बंगल्याची गच्ची गळायची. डांबराच्या एका पिंपासाठी मी दोन पावसाळे पत्रव्यवहार केलाय!"

एवढं बोलून घसा सुकला म्हणून माझी पाण्याची बाटली घेतली आणि ते जिना चढू लागले. हा जिना म्हणजे एकमेकांत गुंफलेले दोन गोल जिने. कल्पना लिओनार्दोची असावी म्हणतात. एकावरून चढणारा नि दुसऱ्यावरून उतरणारा मधल्या झरोक्यांतून एकमेकांना दिसतात, भेटत मात्र नाहीत. मी उतरत होतो. झरोक्यात काका दिसले, हातात माझी बाटली.

"थांबा तिथेच, आलो!" काका म्हणाले. थांबलो. जरा वेळाने काका वरच्या झरोक्यातून खाली वाकले. "अहो, तुम्ही चुकीच्या जिन्यावर आहात!"

"काका, खाली या!"

"मी का येऊ? तुम्ही वर या!"

वर गेलो, तर काका गायब. ते बसमध्ये पोचले होते, बाटली रिकामी करून. वर गाइडला सांगितलं, "ते जिन्यावर खेळत बसलेत."

उशिरा येणाऱ्याने उखाणा घ्यायचा, असा या टूरचा नियम. घेतला:

"शांबोरच्या महालाला जिने आहेत दोन,
सौ.चं नाव घ्यायला लावणारे तुम्ही कोण?"

टाळ्यांना सुरुवात काकांनीच केली. सौ. खिडकीबाहेर बघत होत्या.

आणि खिडकीबाहेर होतं काय? झाडं. ५,४४० हेक्टरचं रान, भोवती बत्तीस किलोमीटरची भिंत. जवळजवळ अर्ध्या पॅरिसएवढं. आत हरणं, रानडुकरं. टूरच्या पत्रकात छापलंय, 'रम्य उद्यानात निवांत फेरफटका'. तो फेरफटका म्हणजे महाल ते पार्किंग, तोही "चला, चला" ऐकत. पैसे मोजलेत हो आम्ही! दुसऱ्या दिवशी अत्तराच्या दुकानात मात्र चांगले अडीच तास सोडलं. तिथे ना हरीण ना डुक्कर, नुसतं शिंकणं.