काचेवरची फुली आणि किलकिली खिडकी: वादळाच्या त्या मेसेजला उत्तर

‘समुद्रकाठी घर भाड्याने देत असाल तर हे जपून ठेवा’ अशी सुरुवात असलेला मेसेज मला चौघांनी पाठवला. त्यातल्या दोघांची स्वतःची सुट्टीची घरं आहेत, म्हणून उत्तर लिहायला बसलो. मेसेज थोडक्यात असा: काचांवर टेपची फुली मारा. वाऱ्याच्या उलट बाजूची एक खिडकी किलकिली ठेवा, म्हणजे छप्पर उडणार नाही. पोहण्याचा पूल रिकामा करा. अंगणातलं सामान दोरीने बांधा. जनरेटर व्हरांड्यात आणून ठेवा. वादळ श्रेणी 1 चं असेल तर पाहुण्यांना हलवू नका. वारा पडला की बाहेर पडून नुकसानीचे फोटो घ्या. आणि हे सगळं तीन तासांत उरकतं.

फुलीपासून सुरू करू, कारण तीच सगळ्यात लोकप्रिय. टेपने काच तसूभरही मजबूत होत नाही. ती फुटायची तेव्हा फुटतेच. फरक इतकाच, की बारीक तुकड्यांऐवजी टेपला चिकटलेले मोठे, सुऱ्यासारखे तुकडे खोलीत येतात. अमेरिकेचं राष्ट्रीय हरिकेन केंद्र वर्षानुवर्षं ‘टेप लावू नका’ म्हणून सांगतंय, तरी वादळाच्या प्रत्येक बातमीत फुल्यांचे फोटो असतातच. मला त्यात जास्त धोका वाटतो तो वेगळाच: फुली दिसली की पाहुण्याला वाटतं, बंदोबस्त झालेला आहे. मग तो सोफा खिडकीजवळ ओढून समुद्र बघत बसतो. (वादळ चुकलं तरी सुटका नाहीच. चार दिवसांच्या उन्हात टेपचा डिंक काचेवर असा भाजून बसतो की ब्लेडने खरवडताना बोटं सोलवटतात. एका पावसाळ्यात मी सोळा तावदानं खरवडली आहेत.)

काचेला उपाय दोनच: शटर, नाहीतर प्लायवूड. प्लायवूड किमान 16 मिलिमीटर जाडीचं हवं आणि स्क्रूने पक्कं केलेलं हवं. खिळे वाऱ्याच्या हिसक्यांनी सैल होतात. स्क्रू खिडकीच्या चौकटीत नको, भिंतीत किंवा घराच्या सांगाड्यात हवेत. फळ्या मोसम सुरू व्हायच्या आधी मापात कापायच्या, भोकं पाडून ठेवायची आणि मागे रंगाने लिहायचं: ‘मोठी बेडरूम, डावी’. ऐन वेळी सगळ्या फळ्या एकसारख्याच दिसतात. मालक परगावी असला आणि काम नवख्या माणसावर पडलं की त्या एका ओळीने तासभर वाचतो.

आता किलकिली खिडकी. हा सल्ला शास्त्रीय वाटतो, म्हणून जास्त घातक आहे. त्यामागची समजूत अशी: बाहेर हवेचा दाब कमी, आत जास्त, म्हणून घर फुग्यासारखं फुटतं, खिडकी उघडली की दाब सारखा होतो. पण घर हवाबंद नसतं. दारांच्या फटी, झडपा, छपराखालच्या जागा यांतून हवा सतत ये-जा करत असते, आणि वादळ जवळ येताना दाब काही तासांत हळूहळू उतरतो. छप्पर उडतं ते दुसऱ्याच कारणाने. वारा छपरावरून वेगाने जाताना त्याला वर ओढतो. त्याच वेळी एखादी खिडकी उघडी असली किंवा फुटली, तर आत शिरलेला वारा खालून ढकलतो. वरून ओढ, खालून ढकल. सल्ला देणाऱ्याला जे टाळायचंय, नेमकं तेच त्या खिडकीने घडतं.

शिवाय ‘वाऱ्याच्या उलट बाजू’ म्हणजे कोणती? चक्रीवादळात वारा केंद्राभोवती फिरतो. केंद्र पुढे सरकलं की घरावर येणाऱ्या वाऱ्याची दिशाही बदलते. संध्याकाळी आडोशाला असलेली खिडकी मध्यरात्री वाऱ्याच्या तोंडी असू शकते. ती बंद करायला तेव्हा कोण उठणार?

उपाय सोपा आहे आणि फुकट आहे. बाहेरची दारं-खिडक्या बंद, आणि घरातल्या खोल्यांची दारंही बंद. घरं वादळात कशी टिकतात याच्या चाचण्या घेणाऱ्या अमेरिकेतल्या आयबीएचएस या संस्थेकडे अख्खं घर मावेल एवढं वाऱ्याचं बोगदेवजा दालन आहे. तिथल्या चाचण्यांत आतली दारं बंद ठेवल्याने छपरावरचा भार 30 टक्क्यांपर्यंत कमी झालेला दिसला. एखादी खिडकी फुटलीच, तर वारा त्या खोलीतच अडतो. गॅरेज असेल तर त्याचं रुंद दार आधी तपासा. फ्लोरिडातल्या 1992 च्या अँड्र्यू वादळात कित्येक घरांचा बळी तिथूनच गेला: दार आत दबलं, वारा शिरला, मागोमाग छप्पर.

पूल रिकामा करू नका. जोरदार पावसात जमिनीखालचं पाणी वर चढतं, आणि रिकामं कुंड त्यावर होडीसारखं उचललं जाऊन तडकतं. आतल्या पाण्याचं वजनच त्याला जागेवर दाबून धरतं. पंपाची वीज तोडा, क्लोरीन वाढवा, पुढे चला.

अंगणातलं सामान बांधून भागत नाही, आत घ्यावं लागतं. दोरीने बांधलेली प्लास्टिकची खुर्ची सुटली की शेजाऱ्याच्या काचेवर जाते, आणि ती भर वाऱ्यात सुटतेच. टेबलं, छत्र्या, झोपाळा, कुंड्या, सायकली, सर्फबोर्ड, पायपुसणीसुद्धा. नारळाची झाडं असतील तर नारळ उतरवून घ्या. एरवी सावलीसाठी कौतुकाने दाखवलेलं झाड त्या रात्री तोफ होतं. अपवाद एकच: बार्बेक्यूचा गॅस सिलिंडर घरात आणायचा नाही. झडप बंद करून बाहेरच उभा, पक्का बांधून ठेवायचा.

जनरेटरबद्दल गंमत करवत नाही. व्हरांडा म्हणजे घरच. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तो दाराच्या फटीतून आत येतो आणि झोपलेली माणसं उठत नाहीत. 2020 च्या लॉरा वादळात लुइझियानात समुद्राच्या पाण्यापेक्षा जनरेटरच्या धुराने जास्त जीव घेतले. जनरेटर घरापासून किमान 6 मीटर लांब हवा, धुराचं तोंड घराकडे नको, आणि बेडरूमबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा. हे जमणार नसेल तर अंधारात बसलेलं बरं.

‘श्रेणी 1 असेल तर पाहुण्यांना हलवू नका’ या वाक्यावर माझा खरा राग आहे. अमेरिकेत वादळांसाठी वापरतात त्या सॅफिर-सिम्पसन मापावर श्रेणी 1 म्हणजे ताशी 119 ते 153 किलोमीटर वारा. ते माप वाऱ्याचं आहे, फक्त वाऱ्याचं. समुद्र किती चढेल आणि पाऊस किती पडेल, यातलं ते काहीही सांगत नाही. 2008 साली आइक वादळ टेक्सासच्या किनाऱ्याला धडकलं तेव्हा श्रेणी 2 चं होतं, तरी बोलिव्हर द्वीपकल्पावर समुद्र साडेचार मीटरहून जास्त चढला आणि घरांच्या रांगाच्या रांगा धुऊन गेल्या. 2017 च्या हार्वीने टेक्सासमध्ये काही ठिकाणी 1,500 मिलिमीटरपर्यंत पाऊस ओतला, आणि त्यातला बराचसा वारा मंदावल्यानंतर. 1963 ते 2012 या काळात अमेरिकेत अटलांटिकच्या वादळांनी थेट घेतलेल्या बळींपैकी सुमारे 90 टक्के पाण्याने घेतले, आणि त्यातले निम्म्याच्या आसपास समुद्राच्या चढलेल्या पाण्याने. वाऱ्याचा आकडा बघून समुद्रकाठच्या घरात थांबायचं ठरवणं म्हणजे ताप मोजून हाड मोडलंय का ते ठरवणं.

आणि हा आकडा जगभर एक नाही. ऑस्ट्रेलियात श्रेणी 1 मध्ये सर्वांत जोराचा झोतसुद्धा ताशी 125 किलोमीटरच्या आत असतो. भारतीय हवामान विभाग आकडा देतच नाही, ‘तीव्र’, ‘अतितीव्र’ अशी वर्गवारी करतो. मेसेजमधलं ‘श्रेणी 1’ नेमकं कुठलं, ते लिहिणाऱ्यालाही माहीत नसावं. घर समुद्रापासून किती उंचावर आहे आणि बाहेर जाणारा रस्ता कुठे बुडतो, हे दोन प्रश्न त्याहून कामाचे.

खरा मुद्दा त्याच्याही पुढचा आहे. हा मेसेज ज्या घराला गृहीत धरतो त्यात घरचीच माणसं राहतात. भाड्याच्या घरात राहतो पाहुणा. मेन स्विच कुठे, टाकीचा कॉक कुठला, आतली बिनखिडकीची खोली कोणती, यातलं त्याला काही ठाऊक नसतं. आमच्या एका घराला कोड दाबून उघडायचं कुलूप होतं, मोबाइलवरून चालणारं. वादळाच्या आदल्या रात्री वीज गेली, पाठोपाठ इंटरनेट गेलं, कुलपाची बॅटरी आधीच मरायला टेकलेली. गाडीतून सामान आणायला गेलेलं जोडपं भर पावसात दाराशी अडकलं, बाई ओल्या बोटांनी पुन्हा पुन्हा तेच आकडे दाबतेय, आणि मी फोनवर हताश. तेव्हापासून प्रत्येक घराला साधी किल्लीसुद्धा आहे, आणि वादळाची चाहूल लागली की पाहुणा त्या घरात नसतो.

पाहुणा थांबतो तो बहुधा धाडसापोटी नव्हे, पैसे बुडतील म्हणून. तो प्रश्न मालकानेच आधी सोडवायला हवा.

तीन तासांचं म्हणाल, तर अमेरिकेत वादळाची पूर्वसूचना 48 तास आधी आणि इशारा 36 तास आधी दिला जातो. हे तास वादळ धडकण्यापासून मोजलेले नसतात, ताशी 63 किलोमीटरचा वारा सुरू होण्यापासून मोजलेले असतात, कारण त्यानंतर शिडीवर चढून काम करणं धोक्याचं. तेव्हा हातातली प्लायवूडची फळी शीड होते आणि माणसालाच घेऊन जाते.

उरला ‘वारा पडला की बाहेर पडा’. अचानक पडलेला वारा बऱ्याचदा वादळाचा डोळा, म्हणजे त्याचा शांत मध्यभाग असतो. 1926 मध्ये मायामीत डोळा अर्धा-पाऊण तास शहरावर होता. संपलं समजून लोक रस्त्यावर आले, आणि उलट दिशेचा वारा सुरू झाल्यावर त्यातले अनेक मेले. फोटो काढायचे ते आधी, प्रत्येक खोलीचे, तारखेसह. विमा कंपनी ‘आधी काय होतं’ तेच पहिलं विचारते.

वादळाला तीन दिवस असताना मी पाहुण्यांना पाठवतो तो मेसेज असा: ‘तुमचं बुकिंग आजपासून रद्द, उरलेल्या रात्रींचे पैसे पूर्ण परत. उद्या दुपारपर्यंत निघा, रस्ता सोबत पाठवलाय. किल्ली दाराजवळच्या खुंटीला लावा. खिडक्यांचं आम्ही बघतो.’