'रडगाणं' म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

पाण्यात बंद पडलेली माझी गाडी आणि गॅरेजने वाढवलेला दुरुस्तीचा खर्च यावरच्या माझ्या लेखाला 'जुना ड्रायव्हर' या नावाने आलेली प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, उडवणारही नाही. तुम्ही लिहिता, "पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारलात, चूक तुमचीच. इंजिन उघडल्याशिवाय खर्च कळत नाही एवढंही समजत नसेल, तर गाडी विका आणि रडगाणं थांबवा."

सेल्फ मारला, मान्य. एकदाच. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, पिस्टन अडतो आणि त्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो, हे मला ठाऊक होतं. पण दादरच्या हिंदमाताला गुडघाभर पाणी, मागे बेस्टची बस भोंगा वाजवतेय आणि मागच्या सीटवर आई पाय वर घेऊन बसलेली, अशा वेळी तुमचा हात किल्लीकडे गेला नसता, असं छातीठोकपणे सांगा.

राहिलं "गाडी विका". साहेब, वडिलांच्या पद्मिनी गाडीचा कार्ब्युरेटर जिन्याखाली बसून साफ करत मी मोठा झालो. नखांतलं ग्रीस निघावं म्हणून आई रॉकेलचा बोळा हातात द्यायची. 26 जुलै 2005 ला, सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवशी, कलिन्यात गाडी सोडून दादरपर्यंत चालत आलो. पाणी ओसरल्यावर आधी बॅटरीची वायर काढली, प्लग काढून पाणी काढलं, ऑइल बदललं, मगच सेल्फ. ती गाडी पुढे सात वर्षं पळाली. नुसतं नाव 'जुना ड्रायव्हर' ठेवून कुणी जुना होत नाही.

आणि रडगाणं? स्वतःच्या पैशांचा हिशेब मागणं रडगाणं कधीपासून झालं?

उघडल्यावरच खर्च कळतो, हे मीच लेखात लिहिलं होतं. वाचलं नसेल. दुरुस्तीचा खर्च 42 हजारांवरून 78 हजारांवर गेला यापेक्षा, मधल्या एकोणीस दिवसांत गॅरेजमधून एक फोन आला नाही, ही माझी तक्रार. डिपस्टिकवरच्या दुधाळ, म्हणजे पाणी मिसळलेल्या, तेलाचा फोटो पहिल्याच दिवशी पाठवायला त्यांना वेळ होता. वाकलेला रॉड दाखवा म्हटलं तर म्हणे भंगारात गेला. माझा रॉड, माझ्या पैशाने बदललेला, मला न विचारता?

विम्यावरच्या तुमच्या चार ओळींना उत्तर देत नाही. पाण्याने इंजिन बिघडलं तर भरपाई देणारं जादा कलम, इंजिन प्रोटेक्ट, घेतलं नव्हतं, विषय संपला. "कोर्टकचेरीत आणखी घालवाल" ही काळजीही नको. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकील लागतोच असंही नाही.

गॅरेजकडे जॉबकार्डची, म्हणजे गाडीवर केलेल्या कामाच्या नोंदीची, प्रत मागितली आहे. आली की पुढचं लिहीन. तुम्ही वाचलंच पाहिजे असं नाही.