288 म्हणजे साडेअकरा नव्हे, मामा!

टाळकं सटकलंय. रात्रीचे पावणेबारा झालेत. गॅलरीत ओल्या पेपरचा लगदा झालाय, ब्लेडनं सिलिकॉन खरवडून खरवडून अंगठ्याला चीर पडलीय, आणि लोणच्याच्या बरणीतले गप्पी मासे माझ्याकडं असे बघालेत की जणू मी त्यांचा बिल्डर आहे आणि ताबा द्यायची तारीख तिसऱ्यांदा पुढं गेलीय.

विषय एवढासाच. लेकीला मैत्रिणीनं चार गप्पी दिले. डासांच्या अळ्या खातात म्हणून हौदात सोडतात ना, तेच. लेक म्हणाली, "पप्पा, टँक आणूया." मी ऐटीत म्हटलं, आणायचा कशाला, घरीच करूया की. पाच काचा, एक सिलिकॉनची नळी, एक रविवार. या वाक्याला आज पाच आठवडे झाले. मधल्या काळात चार गप्पींचे एकोणीस झालेत. गप्पी अंडी घालत बसत नाहीत, थेट पिल्लंच देतात, तीही महिन्याभरात. म्हणजे त्यांनी दिलेल्या मुदतीत काम करून दाखवलं. आमचंच अडलंय.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर, कामाला आहे. दिवसभर हातात व्हर्नियर, 0.02 मिलिमीटरपर्यंत वाचणारं. माप चुकलं तर जॉब, म्हणजे बनवलेला पार्ट, रिजेक्टच्या लाल डब्यात, पुढं चर्चा नाही. त्यामुळं टँकचं ड्रॉइंग मी तसंच काढलं. तळ 600 बाय 300 मिलिमीटर. पुढची-मागची काच 600 बाय 300, तळावर उभी. दोन्ही बाजूच्या काचा या दोघींच्या मधे बसणार, म्हणून 300 मधून 5 आणि 5 वजा, राहिले 290, आणि दोन्हीकडं सिलिकॉनला एकेक मिलिमीटर सोडून 288. काच 5 मिलिमीटरची. पाचवीच्या पोराला कळेल असला हिशोब. स्वच्छ अक्षरात कागदावर लिहून काचवाल्या मामांना दिला.

मामांनी कागद लांब धरला, जवळ धरला, उलटा केला. मग म्हणाले, "हे मिलीमधी लिवलंय व्हय? सुतात सांगा की."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, 3.175 मिलिमीटर. सुतारकामाला सूत उत्तम. चौकटीला पाव सूत कमी पडलं तर पाचर मारता येते. पाण्याला पाचर मारता येत नाही हो! 288 मिलिमीटर म्हणजे 11 इंच आणि पावणेतीन सूत. आता पावणेतीन सूत मामांच्या टेपवर कुठं असणार? टेपच्या पहिल्या इंचावरचे आकडे पुसून गेलेत, तो इंच ते अंदाजानं धरतात. बरं, मिलिमीटरच्या रेघा त्याच टेपच्या दुसऱ्या कडेला असतात. फक्त टेप फिरवायची. एवढंच करायचं होतं. पण नाही.

बाहेर धो धो पाऊस. काचा पेपरात गुंडाळून, रेनकोटच्या आत पोटाशी धरून घरी आणल्या. व्हर्नियरला 288 झेपत नाही म्हणून स्टीलची पट्टी लावली. एक बाजू 292. दुसरी 286. एकाच टँकच्या दोन जुळ्या काचा, आणि फरक 6 मिलिमीटरचा!

परत गेलो. मामांनी दोन्ही काचा शेजारी धरल्या, मान हलवली, आणि जे बोलले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "ही जरा जास्त हाय, ती जरा कमी हाय. मधला हिशोब बरोबरच आला की!"

मामा, मासे सरासरीत पोहत नाहीत.

292 वालीतून चार मिली काढून द्या म्हटलं, तर म्हणाले, "एवढी बारीक पट्टी निघत न्हाई, काच फुटंल." आणि इथं ते बरोबर होते, तेच जास्त झोंबलं. काचेच्या जाडीपेक्षाही अरुंद पट्टी काच कापायचा हिरा फिरवून सरळ निघत नाही, वेडीवाकडी फुटते. म्हणजे चुकायचं स्वातंत्र्य आहे, दुरुस्तीचं नाही. वर सल्ला: "मिलीमीटरचं काय घिऊन बसलायसा पाव्हणं? सिलिकॉन लावलं की भरून निघतंय. चालतंय की!"

चालतंय की. या दोन शब्दांनी माझा संसार बुडवलाय. अरे, हे कोल्हापूर आहे! इथं गुजरीत सोनार मिलिग्रॅमवर भांडतो. उद्यमनगरात शतांश मिलिमीटरवर जॉब परत येतो. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी अख्ख्या गावाला तोंडपाठ असते, 38 फूट 7 इंच झाली, आता 39 ला इशारा, 43 ला धोका. एकेका इंचावर आम्ही रात्र रात्र जागतो. आणि काचेच्या दुकानात शिरलं की चालतंय की? पाणी तेच आहे ना? पंचगंगेतलं काय आणि माझ्या टँकमधलं काय, फट दिसली की ते जाणारच.

खरं सांगायचं तर त्या दिवशी माझ्याही तोंडातून तेच निघालं. पाऊस, भूक, लेकीचे चार फोन. म्हटलं, जाऊदे, चालतंय की. घेतल्या त्याच काचा. हा राग निम्मा त्याचाही आहे.

मग सिलिकॉन. हार्डवेअरच्या दुकानात म्हटलं, फिशटँकसाठी पाहिजे. शेठनं न बघता एक नळी काउंटरवर आपटली. वाचलं तर बाथरूमसाठीचं, बुरशी न येणारं. बुरशी येऊ नये म्हणून त्यात जे औषध घातलेलं असतं, ते पाण्यात उतरून माशांना घातक ठरतं. तसं सांगितलं तर शेठ म्हणतात, "सगळं एकच असतंय ओ, नळीचा रंग वायला." मग नळ्याच वेगळ्या कशाला काढल्यात, कंपनीला रंगपंचमी खेळायची होती म्हणून? तीन दुकानं फिरून साधं, काचेचं, औषध नसलेलं मिळालं. ते वाळताना व्हिनेगरचा वास येतो. दोन दिवस घरात चायनीजच्या गाड्यावर राहिल्यासारखं वाटत होतं. बायको काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आणि जोडायचा मुहूर्त कुठला, तर कोल्हापूरचा जुलै. हे सिलिकॉन हवेतल्या दमटपणानंच वाळतं, म्हणजे तसा जुलै त्याला मानवायला पाहिजे. पण काचेवरच दमट थर बसला असेल तर ते काचेला नीट धरत नाही. आमच्या गॅलरीत त्या आठवड्यात रुमाल वाळत नव्हता, काच कुठली वाळणार? स्पिरिटनं पुसली की परत घाम. शेवटी हेअर ड्रायर. मग मास्किंग टेप, मग गन. एकदा सिलिकॉन सोडलं की वरची साय धरायच्या आत, दहाएक मिनिटांत, बोटानं एकसंध ओढून घ्यावं लागतं. आणि नेमक्या त्या दहा मिनिटांत शेजारचे अण्णा आत येतात. "काय करालायसा?" म्हणत ताज्या सांध्यावर तर्जनी टेकवून बघतात. वाळलंय का बघतोय म्हणे! अण्णा, ते आत्ता लावलंय. तुमच्या बोटाचा ठसा त्या टँकवर आधारकार्डासारखा उमटलाय.

सल्ले तर फुकट. आबा म्हणतात एम-सील लाव. मेहुणा म्हणतो डांबर. ऑफिसातला एक म्हणाला, "पाणी निम्मंच भर." त्याला अजून मी उत्तर दिलेलं नाही.

आठवडाभर वाळवला. खाली थर्माकोलची शीट घातली, म्हणजे टेबलाचा उंचसखलपणा काचेला लागत नाही. पाणी भरलं. पहिला दिवस कोरडा. दुसरा दिवस कोरडा. मी लेकीला घेऊन वाळू, वनस्पती बघून आलो. तिसऱ्या रात्री टप्. मग टप् टप्. 286 वाल्या बाजूचा खालचा कोपरा. दुसरं कुठून गळणार? तिथं दोन्हीकडं दहाचं नाणं उभं जाईल एवढी फट मी सिलिकॉननं चिंबून बुजवली होती, आणि समोरच्या 292 वाल्या बाजूला सिलिकॉनला जागाच नव्हती, काच काचेवर घासून बसलेली.

लोकांना वाटतं पन्नास लिटर म्हणजे काय, दोन-तीन बादल्या. अहो, 30 सेंटिमीटर उंचीचं पाणी 60 सेंटिमीटर लांबीच्या काचेला बाहेर रेटतं ते 27 किलोच्या जोरानं. पोत्याएवढं ओझं रात्रंदिवस आतून भिंतीला खांदा लावून बसलंय, आणि सगळ्यात जास्त दाब तळाशी, म्हणजे मामांनी जिथं सरासरी काढली नेमकं तिथं. काचाच नऊ किलोच्या, त्यात पाणी, वाळू. हे सगळं टेबलावर असताना मला चालतंय की ऐकवू नका.

वरून ठिगळ मारता येत नाही, हा पुढचा जोक. वाळलेल्या सिलिकॉनला नवं सिलिकॉन धरत नाही. मी मारलं, बघितलं. दुसऱ्या दिवशी सालीसारखं निघून आलं. म्हणजे सगळा टँक उसवायचा, प्रत्येक कड ब्लेडनं काचेपर्यंत साफ करायची, आणि पहिल्यापासून.

मधे एक वेडेपणा ॲक्रिलिकचा झाला. दुकानांचे बोर्ड बनवणाऱ्या एकानं सांगितलं, "काच सोडा, ॲक्रिलिकचा घ्या, फुटत न्हाई, लेझरवर कापतो, माप तंतोतंत." तंतोतंत शब्द ऐकूनच मी विरघळलो. माप खरंच तंतोतंत आलं, त्याबद्दल त्याला शंभर मार्क. पण जोडताना गड्यानं काढलं फेविक्विक! ॲक्रिलिकला ते विरघळवून सांधणारं पातळ द्रावण लागतं, सिरिंजनं सोडायचं. फेविक्विकच्या वाफेनं सगळ्या कडा पांढऱ्या धुरकट झाल्या, आतला मासा कास पठारावरच्या धुक्यात हरवल्यासारखा दिसला असता. त्यात शीट 3 मिलिमीटरची. पाणी भरताच पुढची भिंत जेवण झालेल्या पैलवानासारखी पुढं आली. तो डबा आता बायकोनं कांद्याबटाट्याला घेतलाय. सुबक दिसतो.

तर आज रात्री जुना टँक पूर्ण उसवून झाला. तळ आणि पुढची-मागची काच चांगली आहे, ती ठेवली. बाजूच्या दोन नव्या पाहिजेत. या वेळी कागदबिगद नाही. कारखान्यात 288 बाय 300 ची पत्र्याची प्लेट कापून घेतली, चारी कोपरे गुण्यात तपासले, आणि संध्याकाळी मामांच्या काउंटरवर नेऊन ठेवली. म्हटलं, मामा, आकडे विसरा, टेप विसरा. ही प्लेट काचेवर ठेवायची, कडेनं हिरा फिरवायचा, अशा दोन. मामांनी प्लेट हातात घेतली, खूष झाले. "आत्ता कसं! असं आधी न्हाई का द्यायचं?"

मघाशी साडेनऊला त्यांचा फोन आला. काचा तयार आहेत, सकाळी या. मी विचारलं, प्लेट ठेवूनच कापल्या ना?

"व्हय तर. ठिवली, बघितली, आन् टेपनं मापून घेतली. साडेअकरा भरली."